केरबाच्या रानातली भेग आणि आक्काची बाज

वैजनाथ सरांना त्या दिवशी आपल्या सगळ्या नोकरीचीच शिसारी आली. मुरुडजवळच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला, आणि फळ काय? केरबाच्या रानातल्या भेगेला हळदकुंकू! वर नारळ!

चूक सरांचीच. चैतात काळ्या रानाला भेगा पडतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सरांना हौस भारी. खचदरी फळ्यावर काढून कुणाला कळत नाही म्हणून त्यांनी सातवीचा वर्ग केरबाच्या रानात नेला, भेगेच्या दोन्ही अंगांना पाय देऊन उभे राहिले आणि हात पसरून सांगू लागले. आफ्रिकेत जमीन अशी दोन्हीकडून ताणली जाते. दोन भेगांमधला पट्टा खाली बसतो. त्यात पाणी साचून लांबट, खोल तळी होतात, नद्या तिकडं वळतात. आपली नर्मदा अशाच खचलेल्या दरीतून पश्चिमेला जाते, म्हणून तिची वाट गोदावरी-मांजरेपेक्षा न्यारी. अन् लाखो वर्षांनी तिकडं समुद्र शिरेल.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. गावाच्या ग्रुपवर आलं ते एवढंच: सर भेगेवर उभे, आणि "पट्टा खाली बसतो, समुद्र शिरेल." आफ्रिका गेली उडत!

"सर, माझ्या रानात समुद्र कवा येणार?" केरबा दारात हजर.

"अरे बाबा, दरसाल ह्याच भेगांत तुझ्या चपला जातात, तवा न्हाई भ्यालास?"

"तवा तुम्ही बोलला नव्हता."

सरांनी कपाळावर हात मारला. पण केरबाचं काय, एका पावसात भेग बुजली की तोही विसरेल. सरांचा खरा जीव जळत होता तो आक्कापायी.

साखराबाई ही त्यांची थोरली बहीण. किल्लारीच्या भूकंपात तिची पाच वर्षांची लेक आरती गेली. तेव्हापासून आक्का भावाकडं, पण घरात नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडात, बाजेवर. तीस-बत्तीस वर्षं! थंडीत खोकायची, पावसात भिजायची, आणि सर रोज समजवायचे, "आक्का, पक्कं घर हाय, काय होत न्हाई." पालथ्या घड्यावर पाणी. यंदा गुडघे धरले म्हणून कशीबशी आत आली. आठ दिवस निजली. अन् हा व्हिडिओ आला त्याच दिवशी बाज परत पत्र्याखाली! कशात काय, अन् फाटक्यात पाय.

सर तणतणत शेडात गेले. आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती.

"तू बी त्या केरब्याच्या माळेतलीच का गं? ते आफ्रिकेत, आफ्रिकेत!" आणि सगळा धडा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवला.

आक्कानं मुकाट ऐकलं. परातीतली भाकर दाखवत म्हणाली, "म्हंजी थापताना पीठ ताणलं की कडंला चिरतंय, तसं?"

"हाव! अगदी तसं!" सर राग विसरले. अठ्ठावीस वर्षांत एका पोरानं असं उत्तर दिलं नव्हतं.

"किती दिसांत फाटतंय?"

"वर्षाला बोटभर बी न्हाई."

"मंग किल्लारीला एका पहाटंत कसं झालं?"

"ते निराळं, आक्का. तिथं जमीन ताणली न्हाई, दोन्हीकडून दाबली गेली अन् आतल्या आत फुटून सरकली."

"फिरून व्हईल?"

सरांनी नेहमीचं "काय होत न्हाई" म्हणायला तोंड उघडलं. ते आलं नाही. "सांगता येत न्हाई. कुणालाच न्हाई."

आक्कानं भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "आज खरं बोललास. मग माझं बी ऐक. व्हिडिओ निमित्त होतं रं. मला जमिनीचं भ्या न्हाई, कडीचं हाय."

"कशाची कडी?"

"बैलांना वैरण टाकाया भाइर आले. पोरगी मागं येऊ नये म्हणून मीच भाइरून कडी लावली. जमीन हालली, चौकट तिरपी झाली, कडी निघंना. आरती आतून हाका मारत होती." तिनं भाकर उलटली. "आठ दिस निजले तुझ्या घरात. रोज राती तू कडी लावायचास. खण्णदिशी."

इतकी वर्षं सरांनी आक्काला जमिनीच्या पोटातलं सगळं सांगितलं होतं. तिला मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

ते उठले, घरातून पेचकस आणला आणि दाराची कडी काढायला बसले. तीन स्क्रू निघाले. चौथा गंजलेला, फिरेना. सरांनी त्याला, सुताराला आणि स्वतःला शिव्या घातल्या, अखेर हातोडीनं कडी उचकटून काढली आणि अंगणात भिरकावली.

"दार उघडं ठेवलं तर कुत्री येतील," आक्का चुलीपासून म्हणाली.

"येऊ देत!" सर खेकसले.

दिवेलागणीला आक्कानं बाज स्वतःच आत ओढली. सरांनी दार लोटून आतून नुसता पाटा टेकवला, कुत्र्यांपुरता.