लिहिलेलं आणि खाल्लेलं

वडिलांना चक्कर आली म्हणून राहात्याच्या दवाखान्यात ॲडमिट केलं. त्यांच्या गोळ्यांची यादी मी दिली, तरी सिस्टर त्यांनाच विचारायला लागली. मी वैतागलो, "सगळं लिहून दिलंय की!"

"लिहिलेलं कळलं. आता खाल्लेलं कळू द्या." वॉर्डभर पेशंट खोळंबले होते, तरी ती निवांत स्टूलवर टेकली. "बाबा, सकाळी चहा झाल्यावर काय काय घेता?"

वडिलांनी बंडीच्या खिशातून शेजाऱ्याचं बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. "त्याला लई गुण आला, म्हनून मी बी घेतो." त्यांची स्वतःची बीपीची गोळी चालू होतीच. सिस्टर रागावली नाही; पाकीट घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू वरडतो."