धरणाचा दिनविशेष

वाचनालयाच्या फळ्यावर आजचा दिनविशेष लिहिला होता : 'आपल्या धरणाचे जलपूजन.' मी आणि काकू बघतच राहिलो. ज्या पाण्याची अनेक वर्षांपूर्वी याच दिवशी पूजा झाली, त्याच्याखाली आमचं गाव होतं.

"गाव बुडालं तेही लिहा की," काकू ग्रंथपालांना म्हणाल्या.

"पुस्तकात असतं तेवढंच लिहितो, मावशी. शिवाय जागा कुठंय?"

अर्धा फळा कोरा होता. माझं डोकं तडकलं. पाण्यात नारळ सोडणाऱ्याचा दिवस इतिहासात जातो आणि चुली विझवून निघालेल्यांचा कुठंच नाही? मी खडू उचलला. काकूंनी तो काढून घेतला.

"तू रागात आहेस, अक्षर बिघडेल," म्हणाल्या आणि फळ्यावर गावाचं नाव सावकाश, ठळक लिहिलं.