उंटापुढचं प्यादं
थोरल्या बहिणीने, अक्काने, रावेरहून पाठवलेली केळ्यांची फणी काल उचलली, देठाचा चीक बोटांना लागला आणि त्या तुरट वासासरशी आमचा ओटा आठवला. जळगावच्या शाळेत नाव घातल्यावर मी पहिल्याच सुट्टीला घरी आलो होतो. आबांनी, म्हणजे वडिलांनी, बुद्धिबळ मांडलं आणि उंटापुढचं प्यादं मुद्दाम माझ्या तोंडाशी आणून ठेवलं. "खाय," म्हणाले. मी हावरटासारखं खाल्लं आणि दहा-बारा खेळ्यांत माझा राजा कोंडला. "याले गॅम्बिट म्हनता," आबा खुशीत होते, "एक प्यादं सोडलं का बाकीच्यायले वाट मोकळी होते." अक्का तेवढ्यात मळ्यातून आली. घड चांगला भरावा म्हणून केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापून टाकतात, ती कापून तिचे हात चिकाने काळे झाले होते. माझी शाळा सुरू झाली त्याच जूनमध्ये तिची सुटली होती. पटाकडे बघत ती म्हणाली, "आबा, त्या प्याद्याले कोनी इचारलं होतं का?" आबा मोहरे डब्यात भरू लागले. गॅम्बिट मला तेव्हा कळला. तिची केळी अजून येतात. मी फोन करून गोड होती एवढंच सांगतो.