सेटवरच्या देवीचा नवस

माझ्या आईनं टीव्हीतल्या देवीला नवस बोलला आणि तो फेडायला आम्ही तिकीट काढून सिनेमाच्या स्टुडिओत गेलो. आता हसत सांगतोय, पण त्या दिवशी माझं डोकं जाम तापलं होतं.

झालं असं, की आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, मिरजेला हृदयाचं ऑपरेशन होतं. नातेवाइकांना बसवतात तिथं भिंतीवर टीव्ही लावलेला, त्यावर देवीची मालिका चाललेली. आई आटपाडीकडची, आमचं सगळं घराणं मेंढरांमागं हिंडलेलं. अडचणीला जो देव जवळ दिसेल त्याला धरायचं, आणि त्या वेळी जवळ होती ती हीच. आई उठली, टीव्हीखाली उभी राहिली आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाली, "धनी जिता भाईर आला तर तुझ्या दारात यीऊन वटी भरीन. तवर पायात घालणार न्हाई." तेवढ्यात साबणाची जाहिरात लागली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

आबा सुखरूप बाहेर आले. आईच्या चपला मात्र गेल्या त्या गेल्याच. रानात कुसळं असोत नाहीतर भर उन्हात डांबर तापलेलं असो, बाई अनवाणी. तिला साखरेचा आजार. टाचा फुटून रक्त यायला लागलं तेव्हा डॉक्टर ओरडले, अशानं पाय गमावून बसाल. मी म्हणालो, आपल्या गावच्या देवीची ओटी भर आणि मोकळी हो. तर मलाच म्हणते, "लगीन एकीशी ठरवून दुसरीच्या मांडवात जाऊन हुभा राहशील का रं?" कप्पाळ माझं!

मी शिरवळला कारखान्यात नोकरीला. चौकशी केली तर ते देऊळ आमच्याच हायवेला निघालं. म्हणजे देऊळ कसलं, मालिकेसाठी उभा केलेला सेट, आणि आता तो स्टुडिओ लोकांना तिकीट लावून दाखवतात. म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

फाटकावरच्या गड्यानं आईची पिशवी उपसली आणि नारळ बाजूला काढला. "बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"अहो, ओटीचा नारळ आहे तो."

"सर, नारळ खाण्यातच येतो. आत शहाळं मिळेल." तांदळाकडं बघून तो जरा अडला. कच्चे आहेत, कुणी खाणार नाही, असा विचार करून त्यानं ते सोडले. काय अक्कल म्हणावी!

आबा तर घरापासूनच कुरकुरत होते. "लोकं येड्यात काढत्याली. थर्माकोलच्या देवीपायी गाडी करून आलाय म्हणं." आत आमच्या घोळक्याला एक माइकवाला मिळाला. तो आम्हाला 'अस्सल गाव' दाखवायला लागला. घरांना दर्शनी भिंत तेवढी, मागं बांबू. चौकात विहीर, तिच्यात थेंबभर पाणी नाही, आणि पोरं-बाया तिच्या काठावर बसून फोटो काढतायत. आबांनी आत वाकून बघितलं. "कोरडी हीर दावाय आटपाडीचं माणूस हितवर आणलंस व्हय रं?" पुढं माइकवाल्यानं एक बटण दाबलं आणि वरून धो धो पाऊस. सगळे किंचाळत पळाले. आबा तेवढे भिजत उभे. मला म्हणतात, "इचार की त्याला, ह्ये बटण कुटं मिळतंय?"

आईचं यात कशातच लक्ष नव्हतं. देऊळ दिसल्याबरोबर ती चालायला लागली. कळस, दीपमाळ, सगळं मालिकेतल्यासारखं. पायरीला हात लावून तिनं तो कपाळाला लावला आणि गाभाऱ्यात डोकावली. आत टेबल, खुर्ची आणि गजांची कोठडी. वर पाटी, पोलीस ठाणे.

"मालिका संपली ना, मावशी!" माइकवाला म्हणाला. "आता इथं पोलिसांची चालू आहे. देवी गोडाऊनला."

आई पायरीवर बसली. "मग म्या आता घालू तरी कवा?" असं स्वतःच्याच पायांकडं बघत म्हणाली. त्या माइकवाल्याला धरून बडवावासा वाटला.

तोही जरा वरमला असावा. "फोटोची देवी आहे की," म्हणाला.

देवळामागं एक पोरगी देवी होऊन उभी होती. डोक्यावर मुकुट, पाठीला बांधलेले प्लॅस्टिकचे हात, आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी. देवीच्या पायात चप्पल असली तर फोटो बिघडतो म्हणे. बिचारी एकेक पाय उचलून उभी. आई थेट तिच्यापुढं गेली. "तुजी वटी भरायची हाय."

"मावशी, मी फोटोपुरतीच आहे हो."

"टीव्हीतली बी शूटिंगपुरतीच हुती की."

पोरीनं आईच्या टाचा बघितल्या. मग पिना काढून तिनं पदर मोकळा केला आणि पसरला. आईनं खण ठेवला, तांदूळ घातले, हळदकुंकू लावलं आणि "नारळ तुज्या दारावरच्यानं ठिवून घेटला, त्येला इचार," अशी तक्रारही नोंदवली.

मी सोबत आणलेल्या नव्या चपला काढून दिल्या. आईनं त्या घातल्या, दोन पावलं चालली आणि हसायलाच लागली. "आगं बया, पाय कुणा दुसरीचंच वाटत्यात." मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! तिला हाताला धरून मी निघालो.

थोडं पुढं गेल्यावर लक्षात आलं, आबा मागंच राहिलेत. आईला बाकावर बसवून मी परत फिरलो. दिवसभर ज्यांनी त्या देवीची टर उडवली ते आबा टोपी हातात घेऊन तिच्यापुढं उभे होते.

"आई," माझा बाप त्या नातीच्या वयाच्या पोरीला म्हणत होता, "मंगळवारी मिरजेला बलीवलंय. परत फाडाय लागंल म्हणत्यात. घरात कुणाला बोललो न्हाई. तेवढं बग."

पोरगी गडबडली. रांगेतले लोक फोटोसाठी ओरडत होते. तिनं आबांकडं बघितलं आणि त्या प्लॅस्टिकच्या हातांमधून स्वतःचा हात काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला.