जीपची बदली

आमची डिझेल जीप वडिलांनी एक्याऐंशी साली घेतलेली. वीस वर्षं तिनं सरकी, बियाणं, नवरदेव, बाळंतिणी, सगळं वाहिलं. सकाळी दोन माणसांचा धक्का लागायचा, पण एकदा सुरू झाली की मुकाट चालायची. दोन हजार सालानंतर जालन्यातल्या एका शोरूमनं पाटी लावली, जुनी द्या, नवी न्या. घरच्यांनी भुणभुण लावली. मलाही नव्या गाडीची हौस होतीच, सगळा दोष त्या स्कीमवर ढकलणार नाही.

मस्तगडच्या आमच्या मिस्त्रीच्या मते जुनी गाडी भंगारात जात नसे, वाटणीत जात असे. कुणाला रेडिएटर, कुणाला अॅक्सल, हे गाडी चालती असतानाच ठरलेलं. आमच्या जीपचा गिअरबॉक्स केदारखेड्याच्या एका जीपवाल्याच्या वाटणीचा होता. तो भोकरदनपर्यंत सीटा भरायचा. मेंढ्या सोडून स्टिअरिंग धरणारा त्याच्या घरातला तो पहिलाच. त्याचा गिअरबॉक्स गेला होता, जीप महिनाभर दारात उभी होती, आणि त्या मॉडेलचे पार्ट बाजारात येणं कधीच बंद झालं होतं.

हे मला ठाऊक होतं. शोरूममध्ये मी विचारलंही, गिअरबॉक्स काढून घेतला तर? तिथला माणूस म्हणाला, "सर, गाडी पूर्ण पाहिजे. चालवत आणली तरच स्कीम लागू." मी चालवत नेली, उभी केली आणि मिस्त्रीकडे निरोप धाडला की जीप बदलीत गेली.

आठवड्याभरानं जीपवाला घरी आला. "गुरुजी, जीपची बदली झाली म्हने. कुटं झाली?"

मी शाळामास्तर. माझ्या तोंडची बदली म्हणजे दुसरं गाव, हेच त्यानं धरलं. मला हसू आलं. मग लाज वाटली, कारण मीही मनात तेच धरून चाललो होतो की शोरूमवाले जीप कुणाला तरी विकतील आणि याला गिअरबॉक्स तिथून मिळेल. मी त्याला शोरूमचा पत्ता दिला.

संध्याकाळी तो परत आला. "कापली, गुरुजी. गॅसनं. पुन्हा रस्त्यावर येऊ न्हाई म्हून अख्खी कापतेत म्हने. गिअरबॉक्सबी गेला."

मी त्याला बसायला खुर्ची दिली.

"तिथवर चालत गेल्ती ना ती?"

"हो."

"मंग कापली कशाला?"

जुन्या गाड्या धूर फार करतात, असं मी त्याला वर्गात सांगावं तसं समजावून सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माझी तर आता धूर बिलकुल करत न्हाई," तो म्हणाला. "उभीच हाये."

मग दारातल्या नव्या गाडीकडे तो थोडा वेळ बघत राहिला. "हिच्यावर तरी मला ड्रायव्हर ठिवता का, गुरुजी?"

ती गाडी मी स्वतःच चालवत होतो. तसं त्याला सांगितलं.