आवाज न करता उतरणाऱ्या मुली

रेहाना शेख मॅडमना मी प्रथम पाहिलं ते धुक्यात. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या शाळेचं मैदान तेव्हा उसाच्या शेताला लागून होतं. आठवीतली मी फुटबॉलच्या हौसेनं भल्या सकाळी तिथं पोचले, तर पंधरा-वीस मुली उंच उड्या मारत होत्या आणि उतरताना त्यांच्या पायांचा आवाजच येत नव्हता. चेंडू कुठंच दिसेना. धुक्यात त्या वर जायच्या, खाली यायच्या. ऊस सळसळायचा तेवढाच. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे.

"नवीन का?" मॅडमनी विचारलं. "ये. आधी उतरायला शिक."

या हट्टामागचं कारण पुढं कळलं. आमच्याआधीच्या संघात दीपालीताई नावाची फार चपळ खेळाडू होती. एका सामन्यात डोक्यानं चेंडू मारून ती खाली आली आणि कुणाचा धक्काही न लागता तिचा गुडघा आत वळला. लिगामेंट तुटलं, खेळ संपला. "मी तिला पळायला शिकवलं, उतरायला नाही शिकवलं," असं मॅडम आजही म्हणतात.

पुण्यात तेव्हा सायबर कॅफे नुकते निघाले होते. शाळा सुटल्यावर मॅडम शनिवार पेठेतल्या एका कॅफेत, नोकरीचे अर्ज पाठवणाऱ्या इंजिनियर पोरांच्या शेजारी बसून गुडघ्यांविषयी वाचत. वहीत आकृत्या काढत आणि ती वही हाडांच्या डॉक्टरांना दाखवून आणत. त्यातून सरावाआधीचे व्यायाम ठरले. एका पायावर तोल सांभाळायचा, बैठका मारायच्या, उड्या मारायच्या. गुडघा पावलाच्या रेषेतच राहिला पाहिजे. दुसऱ्या शाळेच्या एका प्रशिक्षकांनी खवचटपणे विचारलं, "फुटबॉल शिकवताय की भरतनाट्यम?" मॅडम म्हणाल्या, "अहो, दोन्हीकडं गुडघे तेच असतात."

दहावीत असताना आमचा संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोचला. आदल्या दिवशी मॅडमनी मला एका पायावर उतरायला लावलं. गुडघा आत झुकला आणि कळ आली. मी लपवली, पण त्यांनी ओळखली. "उद्या तू बाहेर बसशील."

माझे वडील तणतणत शाळेत आले. "मॅडम, पोरगी ठणठणीत हाय की! फायनल हाय उद्या."

"तिला पुढंही खेळायचंय, दादा."

मुख्याध्यापकांनीही गळ घातली. मॅडम बधल्या नाहीत. आम्ही एका गोलनं हरलो आणि सगळ्या शाळेनं त्यांना बोल लावला. मी तर त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या अंगणात हजर. "बोलू नकोस हवं तर. बैठका मार." डॉक्टरांना दाखवून झाल्यावर जवळजवळ दोन महिने त्या शाळेआधी रोज येत राहिल्या. आई चहा ठेवायची. वडील आधी तोंड फिरवून बसत. मग एक दिवस त्यांनीच अंगणातले खडे वेचून काढले. एका सकाळी मी उडी मारून उतरले, तेव्हा मॅडम डोळे मिटून उभ्या होत्या. "काही ऐकू आलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. मला रडू फुटलं. पुढं कॉलेजची सगळी वर्षं मी खेळले.

दीपालीताईंनाही त्यांनीच पुन्हा मैदानावर आणलं, नव्या मुलींचे गुडघे पारखायला. "तुझ्याइतकं हे कुणाला कळणार?" एवढंच म्हणाल्या.

आता मी हिंजवडीत नोकरी करते आणि रविवारी मॅडमच्या हाताखाली शिकवते. उसाच्या जागी इमारती आल्या. परवा जिना चढताना मॅडम मधेच थांबल्या.

"गुडघा?" मी विचारलं.

"साठ वर्षं झाली त्याला. चालायचंच."

"व्यायाम करता का?"

त्या शाळकरी मुलीसारख्या ओशाळल्या. मग जिन्यातच, माझ्या खांद्यावर हात ठेवून, एका पायावर उभ्या राहिल्या. मी मोठ्यानं आकडे मोजत होते आणि त्यांच्या हाताचा भार खांद्यावर जाणवत होता. तो हात तिथून हलूच नये असं वाटलं.

मॅडम, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आपले पाय निरोगी राहोत. आणि तोल जाईलसं वाटेल तेव्हा हात ठेवायला आम्ही पुष्कळजणी आहोत.