खसखशीएवढा डाग

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आज सोल्डरिंगच्या राळेचा धूर नाकात शिरला आणि मी अडवलेला अप्पांचा हात आठवला.

मी तेव्हा कोल्हापुरात इंजिनिअरिंगला होते. माझ्या जुन्या लॅपटॉपची आतली चार्जिंगची पिन बोर्डावरून सुटली होती. माझे वडील, अप्पा, चांदीचे कारागीर. पैंजणाच्या कड्या डाग देऊन सांधण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते कळताच त्यांनी रेडिओवाल्याकडून सोल्डरिंग गन मागून आणली होती. कशाला, ते मी विचारलंही नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी चष्मा पुसत त्यांनी हात पुढं केला. "दे की हिकडं. डागच द्यायचाय न्हवं?"

"अप्पा, हे पैंजण न्हाय. तुम्हाला न्हाय कळायचं ह्यातलं." मी लॅपटॉप छातीशी धरला.

"व्हय, ते बी खरं हाय," म्हणत त्यांनी गनची वायर सावकाश गुंडाळली. पिन मी दुकानातून बसवून आणली.

अप्पा गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी फडक्यात बिघडलेल्या रेडिओचा बोर्ड निघाला. त्यावर ओळीनं डाग दिलेले. पहिले जोंधळ्याएवढे, करपलेले, मग बारीक होत गेलेले. शेवटचा खसखशीएवढा, लखलखीत. माझ्याकडं हात पुढं करण्याआधी अप्पा दोन दिवस शिकत होते.

"बघा मॅडम, झालं काम," आज दुकानदार म्हणाला. मी त्याचं भिंग मागून घेतलं आणि पाहिलं. डाग चांगला होता. अप्पांचा याहून बारीक होता.